कायद्याच्या अभ्यासकांशी बोलायला जाण्याआधी

एलएल.एम.ला नुकता प्रवेश घेतलेली, पीएच.डी.ची ‘पेट’ ही प्रवेश परीक्षा पास झालेली किंवा वकिली करता करता काहीतरी लिहावंसं वाटू लागलेली मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. विषय कोणता घेऊ? आणि अमुक सरांना, तमुक मॅडमना भेटायचं तर ओळख कुणाची काढू? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. ओळख लागत नाही. मुंबईत कायद्याचा मनापासून अभ्यास करणारी माणसं अनोळखी विद्यार्थ्यालाही वेळ देतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्यांची अपेक्षा एवढीच असते की, समोरच्याने एखादा निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला असावा आणि वाचताना तो कुठेतरी खरोखर अडलेला असावा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांब आहे.

माझी शाळा परळची, मराठी माध्यमाची. कायद्याचं शिक्षणही मुंबईतच झालं. सकाळी कॉलेज, नंतर फोर्टात एका वकिलांकडे ज्युनियर म्हणून काम, पुढे एलएल.एम. आणि मग भाडेनियंत्रण कायद्यावर पीएच.डी. आता शिकवते. घरात कुणी वकील नव्हतं, प्राध्यापक नव्हतं. संशोधन म्हणजे काय हे मी शिकले ते प्राध्यापक, इतिहासाचे अभ्यासक आणि जुने वकील यांच्याशी झालेल्या बोलण्यातून. ते ऋण फार मोठं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

या कामाला मुंबई फार सोयीची आहे. चर्चगेटला उतरलं की १८५५ साली सुरू झालेलं शासकीय विधी महाविद्यालय जवळच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. ओव्हल मैदान ओलांडलं की उच्च न्यायालय आणि त्याला लागून विद्यापीठाची राजाबाई टॉवरची इमारत. तिथून काळा घोड्याकडे चालत गेलं की एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख संचालनालय, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दालन. हॉर्निमन सर्कलला टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. उलट्या दिशेला धोबी तलावाजवळ लघुवाद न्यायालय, म्हणजे आपल्या बोलण्यातलं स्मॉल कॉजेस कोर्ट. कायदा शिकवणारा, चालवणारा आणि त्याचा इतिहास धुंडाळणारा माणूस पायी भेटू शकेल असा हा एवढासा परिसर आहे. नवख्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यातच तो पायाखाली घालावा.

‘अभ्यासक’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त प्राध्यापक येतात. या शहराची परंपरा त्याहून रुंद आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि संस्कृतचे मोठे पंडितही. महामहोपाध्याय पां. वा. काणे उच्च न्यायालयात वकिली करत होते आणि त्याच काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहीत होते. पहिला खंड १९३० चा, पाचवा पुरा झाला तो १९६२ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. हे काम सुरू कसं झालं ते ठाऊक असावं. नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाचं ते संपादन करत होते. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण इथल्या हिंदू वारसाहक्काच्या दाव्यांत तो ग्रंथ प्रमाण मानला जाई, म्हणजे कोर्टात रोज लागणारा होता. त्याला एक प्रस्तावना जोडावी, धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडक्यात आढावा घ्यावा, एवढाच मूळ बेत होता. त्या प्रस्तावनेतून पाच खंड उभे राहिले. विषय शोधत हिंडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. कोर्टात रोज लागणाऱ्या एका पुस्तकापाशी नीट थांबलेल्या माणसाला विषय सापडला आणि तो आयुष्यभर पुरला.

आता माझ्या विषयाकडे येते, कारण प्रश्न कसा घडत जातो हे त्यातून जास्त नीट सांगता येईल.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला भाडेनियंत्रण हा विषय शोधावा लागत नाही. पागडी, भाडेपावती, मालक, ‘पावतीवर नाव कुणाचं’ हे शब्द जेवताना कानावर पडतात. एलएल.एम.च्या काळात मी एका प्राध्यापिकांकडे गेले तेव्हा माझा प्रश्न होता, भाडेनियंत्रण न्याय्य आहे का? बाईंनी तो बाजूला सारला नाही. त्यांनी विचारलं, “कुठला निकाल वाचून पडला हा प्रश्न?” मी म्हटलं, मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९९७. पुढचा तासभर आम्ही त्याच एका निकालावर बोललो.

त्या निकालाची हकीकत अशी. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं जास्तीत जास्त भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं होतं. कायदा मुदतीचा होता, पण मुदत पुन:पुन्हा वाढवली गेली आणि भाडं पन्नासहून अधिक वर्षं तिथेच राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, काळाच्या ओघात ही तरतूद मनमानी ठरली आहे. तरीही न्यायालयाने ती रद्द केली नाही, कारण कायद्याची तेव्हाची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती आणि नवा कायदा येऊ घातला होता. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “एखादी तरतूद जन्मली तेव्हा वैध होती आणि तिच्यातला एक शब्दही न बदलता ती पुढे अवैध झाली, असं न्यायालय म्हणू शकतं? कशाच्या जोरावर?” त्या क्षणी विषय भाड्याचा उरला नाही, तो संविधानाच्या अनुच्छेद १४ चा, म्हणजे कायद्यापुढील समानतेचा, झाला. त्या धाग्याने मागे जात मी १९८३ च्या मोटर जनरल ट्रेडर्सच्या निकालापर्यंत पोहोचले. आंध्र प्रदेशात १९५७ नंतर बांधलेल्या इमारतींना भाडे कायद्यातून दिलेली सूट सुरुवातीला समर्थनीय होती, पण काळ लोटल्यावर ती भेदभावाची झाली, असं त्यात म्हटलं आहे. तिथून तमिळनाडूतला रतन आर्यचा १९८६ चा निकाल. एका बोलण्यातून मला पुढच्या सहा महिन्यांचं वाचन मिळालं, तेही बाईंनी यादी न देता. त्यांनी फक्त प्रश्न विचारला होता.

दुसरं बोलणं झालं स्मॉल कॉजेस कोर्टात हयात घालवलेल्या एका वकिलांशी. मुंबईतले मालक-भाडेकरूंचे दावे त्याच कोर्टात चालतात. मी त्यांच्याकडे गेले ते १९९९ च्या भाडे कायद्यातलं कलम ७(१५)(ड) घेऊन. भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो, तसा कुणी नसेल तर वारसांपैकी एखादा, आणि आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं, असा त्या तरतुदीचा आशय. माझ्याकडे उच्च न्यायालयाच्या निकालांचा गठ्ठा होता. त्यांनी तो चाळला आणि म्हणाले, “हे वरचं झालं. ‘बरोबर राहत होता’ हे खाली कसं सिद्ध होतं, ते बघितलंयस?”

मग ते सांगू लागले. रेशनकार्डावर नाव आहे, पण मुलगा नोकरीला नाशिकला. मतदार यादीत नाव आहे, पण विजेचं बिल दुसऱ्या घरचंही भरलं जातंय. शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक, शेजाऱ्यांची साक्ष. सून घरात तीस वर्षं राहिली, सासूचं केलं, पण कागदावर तिचा मागमूस नाही. वरच्या कोर्टाच्या निकालात या सगळ्याचं एक वाक्य होतं: पुराव्यावरून असं दिसतं की… ते एक वाक्य कशाकशातून तयार झालं हे पाहायचं तर दाव्याची कैफियत, पुराव्याची शपथपत्रं, उलटतपासणी आणि रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेच्या कामकाजाची नोंद, वाचावा लागतो. माझ्या प्रबंधाचा गाभा तिथे मिळाला. ते गृहस्थ कधी कुठल्या नियतकालिकात लिहीत नव्हते, पण माझ्या लेखी ते या कायद्याचे मोठे अभ्यासक होते.

तिसरं बोलणं इतिहासाच्या एका अभ्यासक बाईंशी. त्यांचा प्रश्न अगदी साधा वाटणारा होता, “१९४०च का?” मला एवढंच ठाऊक होतं की दुसरं महायुद्ध सुरू होतं. त्यांनी मला आणखी मागे ढकललं. मुंबईत भाड्यावर कायद्याचं बंधन पहिल्या महायुद्धातच आलं होतं, १९१८ च्या कायद्याने. म्हणजे युद्धकाळातली तात्पुरती व्यवस्था म्हणून आलेली गोष्ट शतकभर टिकते, तेव्हा ती कुणाच्या गरजेने आणि कुणाच्या दबावाने टिकते, हा संशोधनाचा वेगळाच प्रश्न होतो. तो सोडवायचा तर निकालांची पुस्तकं पुरत नाहीत. विधिमंडळातल्या चर्चा आणि पुराभिलेखातल्या सरकारी फायली वाचाव्या लागतात.

विषय एकच, पण तीन माणसांनी त्यातून तीन वेगळे प्रश्न काढून दाखवले: वैधतेचा, पुराव्याचा, इतिहासाचा. तिन्ही एका प्रबंधात बसत नाहीत. मी पुराव्याचा निवडला, कारण त्यावर लिहिलेलं फार थोडं होतं आणि त्या कागदांची भाषा, म्हणजे मराठी कैफियती आणि मराठी साक्षी, मला घरची होती. विषय कोणता घेऊ या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. तुम्हाला माहीत असलेल्या आयुष्यातला एक तंटा घ्या, त्यावरचा एक निकाल घ्या आणि वेगवेगळ्या तऱ्हेने विचार करणाऱ्या तीन माणसांसमोर तो ठेवा. विषय त्यातून पुढे येतो.

निकाल वाचणं म्हणजे काय, हेही बोलायला हवं. मुलं शीर्षटिपण, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचतात, फार तर शेवटचे चार परिच्छेद वाचतात आणि ‘हा निकाल असं सांगतो’ म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१ चा नरसू अप्पा माळी खटला मी वर्गात यासाठीच घेते. १९४६ च्या कायद्याने मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली होती. संविधान आल्यावर त्या कायद्याला आव्हान दिलं गेलं. कायदा टिकला, आणि त्या ओघात व्यक्तिगत कायदे अनुच्छेद १३ मधल्या ‘अमलात असलेल्या कायद्यां’त मोडत नाहीत, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर ते तपासता येत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण खंडपीठावर दोघे होते, मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर, आणि दोघांनी स्वतंत्र निकालपत्रं लिहिली. छागलांचा भर संविधानकारांनी रूढी आणि व्यक्तिगत कायदा यांत केलेल्या फरकावर आहे. गजेंद्रगडकरांचा भर यावर आहे की, हे कायदे कुठल्या विधिमंडळाने केलेले नाहीत, त्यांचा उगम धर्मग्रंथांत आहे. निष्कर्ष एक असला तरी वाटा दोन आहेत.

हा फरक नुसता बारकावा म्हणून सोडून देता येत नाही. २०१७ च्या तिहेरी तलाकच्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी नरसू अप्पा माळीचा फेरविचार योग्य प्रकरणात व्हावा असं सुचवलं. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्यातल्या युक्तिवादावर थेट टीका केली. फोर्टातल्या त्या इमारतीत १९५१ मध्ये दोन न्यायमूर्तींनी लिहिलेल्या पानांशी दिल्लीतले न्यायमूर्ती पासष्टहून अधिक वर्षांनी वाद घालतात. तुम्ही अभ्यासकाकडे जाता तेव्हा या चालू वादात शिरत असता. दोन्ही निकालपत्रं न वाचता गेलात, तर समोरचा सज्जन माणूस चहा पाजेल आणि चार पुस्तकांची नावं सांगेल. वाचून गेलात तर तो तुमच्याशी वाद घालेल. वाद घालू लागला की समजावं, बोलणं सुरू झालं.

अभ्यासकांच्या आपापसातल्या बोलण्याने काय होऊ शकतं, याचं या राज्याशी जोडलेलं एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं. मथुरा या आदिवासी मुलीवर तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराचा खटला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी निकालातला तर्क ओळीओळीने तपासला आणि निमूटपणे सोसणं म्हणजे संमती कशी काय, असा प्रश्न केला. त्या पत्रानंतर स्त्री संघटनांनी मुंबईसह देशभर हा प्रश्न उचलून धरला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यांत, संमती नव्हती असं त्या स्त्रीने सांगितलं तर न्यायालयाने तसं गृहीत धरावं, असं पुरावा कायद्यात कलम ११४-अ घालून आणलं गेलं. मी ते पत्र विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घेते. त्यात मोठा आवाज नाही, निकालाचं काळजीपूर्वक वाचन आहे. कायद्याचं संशोधन कुणाच्या उपयोगी पडतं, असं विचारणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता भेट मागण्याविषयी. ईमेल छोटं असावं आणि त्यात तुमचा प्रश्न दिसावा. ‘मला आपलं मार्गदर्शन हवं आहे’ या वाक्याला कुणी काय उत्तर देणार? साधारण असं लिहा: “आदरणीय मॅडम, मी एलएल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मलपे विश्वनाथ आचार्यचा निकाल वाचला. तरतूद मनमानी ठरवूनही ती रद्द न करण्याचं जे कारण न्यायालय देतं, ते मला पुरेसं पटत नाही. यावर मोटर जनरल ट्रेडर्स आणि रतन आर्य हे निकाल वाचले आहेत. आपण या विषयावर लिहिलेला लेखही वाचला. आपल्याला सोयीची वेळ असेल तर वीस मिनिटं भेटता येईल का?” मराठी माणसाला मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, मी अनेकदा लिहिलं आहे. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा, मग थांबा. परीक्षांच्या आणि पेपर तपासणीच्या दिवसांत प्राध्यापकांना गाठू नका. वकिलांना सकाळी कोर्टाचं कामकाज सुरू होण्याआधी तर मुळीच नाही. संध्याकाळी कोर्ट उठल्यावर चेंबरमध्ये जावं आणि सीनियरच्या कारकुनाशी आदराने बोलावं. वेळ त्यांच्या हातात असते, आणि कुठला जुना कागद कोणत्या कपाटात आहे हेही पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असतं.

भेटीला जाताना निकालाची छापील प्रत न्या, समासात खुणा केलेली. अभ्यासकाचा आवडता प्रश्न असतो, ‘हे कुठे म्हटलंय?’ आणि तेव्हा परिच्छेदावर बोट ठेवता आलं पाहिजे. स्वतःचा प्रश्न दोन वाक्यांत सांगण्याचा घरी सराव करा. एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारत आले आहे आणि त्याने मला सगळ्यात जास्त दिलं आहे: “या मुद्द्यावर तुमच्याशी असहमत असलेलं कोण आहे, आणि त्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं कोणतं?” खरा अभ्यासक या प्रश्नाने खुलतो. आपल्या विरोधकाची बाजू तो इतक्या प्रामाणिकपणे मांडतो की तुमच्या प्रबंधातलं एक प्रकरण तिथेच उभं राहतं.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण या भीतीने चांगली मुलं दारापर्यंत जाऊन परत येताना मी पाहिली आहेत. वरिष्ठ न्यायालयांचे निकाल इंग्रजीत आहेत, ते वाचावेच लागतील, आणि रोज वाचत राहिलं की वर्षभरात हात बसतो. पण बोलणं मराठीत होऊ शकतं. माझी सगळ्यात खोल बोलणी मराठीत झाली, मध्येमध्ये कायद्याचे इंग्रजी शब्द वापरत, जसं आपण सगळेच बोलतो. आणि मराठी येणं ही संशोधनातली मोठी ताकद आहे. महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांचे कागद, विधानसभेतली भाषणं, महसूल खात्याचे दप्तर, जुन्या वर्तमानपत्रांतल्या खटल्यांच्या बातम्या हा सगळा ऐवज मराठी न येणाऱ्या अभ्यासकाला बंद असतो. तुम्हाला तो उघडा आहे. अभ्यासकांना हे कळतं. तुम्ही तिथून काही आणलंत तर ते कान देऊन ऐकतात.

साधनांबद्दल थोडक्यात. पैसे भरून घ्यायचे डेटाबेस कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळतात, पण त्यांच्याविना अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल २०२३ पासून ई-एससीआरवर मोफत आहेत, काही निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. कायद्यांचे पाठ इंडिया कोडवर, पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर, संविधानसभेतल्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा चौदावा खंड हिंदू कोड बिलावरचा आहे, कौटुंबिक कायद्यावर काम करणाऱ्याने तो आधी वाचावा. पुराभिलेखात जाताना ओळखपत्र आणि विभागाचं पत्र बरोबर ठेवा, आणि कर्मचाऱ्यांना विषय समजावून सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असली तरी जुने निकाल दंड संहितेच्याच कलमांवर आहेत, तेव्हा दोन्ही क्रमांक शिका; खुनाचं ३०२ आता १०३ आहे. आणि चॅटबॉटने सांगितलेला कुठलाही निकाल स्वतः उघडून वाचल्याशिवाय कुणासमोर उच्चारू नका. अस्तित्वात नसलेले निकाल तो ठामपणे सांगतो, आणि अभ्यासकासमोर गेलेला विश्वास परत मिळवणं फार कठीण असतं.

पैशांचा प्रश्न खरा आहे. ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहेत, ती नसेल तर बहुतेकजण वकिली किंवा शिकवणं सांभाळून प्रबंध लिहितात. वेळ जास्त लागतो, पण कोर्टात रोज जाणाऱ्याला जे दिसतं ते कामात उतरतं.

भेटून आलात की त्याच दिवशी टिपण लिहा. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच. काय बोललं गेलं, कुठल्या निकालाचा उल्लेख झाला, कुठला मुद्दा तुम्हाला पटला नाही. मग आठवड्याच्या आत आभाराचं पत्र पाठवा आणि त्यात सांगितलेल्यांपैकी काय वाचलं ते लिहा. पुढच्या भेटीचं दार या पत्राने उघडतं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचं काम खरोखर पुढे गेलं, ते सगळे हे पत्र लिहिणारे होते.

बोलण्यात मिळालेली कल्पना ज्याची त्याच्या नावावर गेली पाहिजे, याबद्दल मी फार आग्रही आहे. छापलेल्या पुस्तकाला तळटीप देतो तशीच बोलण्यालाही द्यावी, आणि देण्याआधी विचारावं, “हा मुद्दा तुमच्या नावाने नोंदवू का?” काहीजण हो म्हणतात, काहीजण नाव नको म्हणतात, दोन्हींचा मान राखावा. वकिलांशी बोलताना जास्त जपावं लागतं. त्यांनी चालवलेल्या खटल्याबद्दल सांगताना अशिलाची एखादी गोष्ट ओघात येते. ती लिहायची नसते, सार्वजनिक कागदावर असलेलंच वापरायचं. भाडेकरूंच्या घरी जाऊन बोलणार असाल तर आधी स्पष्ट सांगा की तुम्ही त्यांचा खटला सोडवायला आलेला नाही आहात. चालू दाव्यातल्या माणसाला कागद हातात घेतलेला कुणीही मदतनीस वाटतो, आणि ती आशा खोटी ठरवणं फार क्रूर आहे.

गाइडशी मतभेद झाले तर घाबरू नका. माझ्या गाइडना वाटत होतं की, घरात राहणाऱ्या पण कागदावर नसलेल्या सुनांविषयीचं माझं प्रकरण कायद्यापेक्षा समाजशास्त्राकडे झुकतं. मी ते ठेवलं, त्यांची हरकत त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच मांडली आणि तिला निकालांच्या आधारे उत्तर दिलं. व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडून बराच वेळ प्रश्न विचारले. माझे गाइड शेजारीच बसले होते, आणि तिथेही त्यांनी आपली हरकत मागे घेतली नाही. आजही आम्ही भेटलो की त्या प्रकरणावर बोलतो, आणि दरम्यान आलेला एखादा नवा निकाल त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला असतो.